फी, परदेशातलं शिक्षण आणि शाळा-कॉलेजचे नियम: विद्यार्थी वारंवार विचारतात ते प्रश्न

विद्यार्थ्यांच्या अडचणी ऐकण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे. इतक्या वर्षांत एक गोष्ट सतत दिसली. मुलं प्रश्न विचारतात, पण उशिरा. पैशाबद्दल बोलायची लाज वाटते. नियमाबद्दल विचारलं तर आपण उद्धट ठरू अशी भीती असते. मग फी भरून झाल्यावर, सही करून झाल्यावर, नोटीस हातात पडल्यावर ती माझ्यापर्यंत येतात. तोवर करता येण्यासारखं थोडंच उरलेलं असतं. म्हणून नेहमी येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. देशोदेशीचे नियम आणि रकमा बदलत राहतात. जिथे आकडा दिला आहे तिथे शक्यतो वर्षही दिलं आहे. अर्ज करण्याआधी त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर ताजा आकडा पाहून घ्या.

पैशाचे प्रश्न

माहितीपत्रकात लिहिलेली फी आणि प्रत्यक्ष होणारा खर्च यांत एवढा फरक का पडतो?

कारण माहितीपत्रकात ठळक अक्षरांत असते ती फक्त शिकवण्याची फी. परीक्षा फी, प्रयोगशाळा, ग्रंथालयाचं डिपॉझिट, विमा, ओळखपत्र, पदवीदान समारंभ, वसतिगृह, जेवण, प्रवास, पुस्तकं, लॅपटॉप हे सगळं त्यात नसतं, किंवा शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत असतं. घरापासून लांब राहून शिकणाऱ्याचा राहण्या-जेवण्याचा खर्च कित्येकदा फीच्याही वर जातो. त्यामुळे दोन कॉलेजांची नुसती फी ताडून पाहण्यात अर्थ नाही. राहण्याखाण्यासह वर्षाचा एकूण खर्च काढा आणि तो अभ्यासक्रमाच्या वर्षांनी गुणा.

कार्यालयात जाऊन तीन गोष्टी विचारा. दरवर्षी फी वाढते का, वाढत असेल तर गेल्या तीन वर्षांत किती वाढली, आणि कुठलं डिपॉझिट परत मिळतं. उत्तर ईमेलवर मागा. तोंडी मिळालेलं उत्तर वर्षभराने कुणाला आठवत नाही, आणि ते देणारा माणूसही तोवर बदललेला असतो.

फी परवडत नाही हे कॉलेजला सांगू का? प्रवेशावर परिणाम होईल का?

बहुतेक ठिकाणी प्रवेशाचा निर्णय आणि फीसवलतीचा निर्णय वेगवेगळी माणसं घेतात, तेव्हा सांगायला हरकत नाही. अमेरिका हा एक अपवाद लक्षात ठेवा. तिथली बरीच विद्यापीठं परदेशी विद्यार्थ्याला प्रवेश देताना त्याला आर्थिक मदत लागणार आहे का, हे पाहतात. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी अशी मोजकी विद्यापीठं पदवीच्या प्रवेशात ते पाहत नाहीत आणि प्रवेश दिला तर लागेल तितकी मदतही करतात. पण तिथे प्रवेश मिळणंच अतिशय अवघड आहे. गंमत अशी की अर्जात मदत मागितली नाही आणि नंतर मागितली, तर अनेक ठिकाणी परदेशी विद्यार्थ्याला ती पुढच्या कुठल्याच वर्षी मिळत नाही. म्हणून गरज असेल तर ती लपवू नका.

हप्ता चुकला. आता परीक्षेला बसू देणार नाहीत का?

चुकायच्या आधी भेटा. हप्ता थकल्यावर तुमचं नाव थकबाकीदारांच्या यादीत जातं आणि समोरचा कारकून इच्छा असूनही फार काही करू शकत नाही. तारखेच्या दोन आठवडे आधी लेखी अर्ज द्या. किती रक्कम आता भरता येईल, उरलेली कधी, हे तारखांसकट लिहा. नुसतं ‘मुदत द्यावी ही विनंती’ असं लिहिलेला अर्ज पडून राहतो. रक्कम आणि तारीख असलेल्या अर्जावर निर्णय घेणं सोपं जातं. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका.

घरात कुणाची नोकरी गेली असेल, आजारपण असेल, मृत्यू झाला असेल तर ते स्पष्ट लिहा. अनेक संस्थांकडे अशा वेळेसाठी थोडा निधी राखून ठेवलेला असतो. त्याची जाहिरात कुणी करत नाही. मागणारा आला तरच तो बाहेर निघतो.

शैक्षणिक कर्ज काढावं का? किती काढावं?

कर्ज वाईट नसतं. आपण नेमकी किती रक्कम परत करणार आहोत हे माहीत नसताना काढलेलं कर्ज मात्र पुढे छळतं.

एक हिशेब मांडते, चलन कुठलंही धरा. समजा १० लाखांचं कर्ज आहे, व्याज वर्षाला १० टक्के, परतफेड १० वर्षांत. महिन्याचा हप्ता साधारण १३,२१५ येतो आणि १० वर्षांत एकूण १५ लाख ८६ हजारांच्या आसपास भरावे लागतात. पण अभ्यासक्रमाच्या २ वर्षांत बँक हप्ता मागत नाही. व्याज मात्र तेव्हाही चढतच असतं. सरळव्याजाने २ वर्षांचे २ लाख होतात. ते न भरता मुद्दलात मिसळू दिले, तर कर्ज १२ लाखांचं होतं, हप्ता १५,८५८ वर जातो आणि एकूण भरणा १९ लाखांच्या वर. तेच शिकत असताना महिन्याला ८,३३३ इतकं नुसतं व्याज भरत राहिलात, तर सगळं मिळून १७ लाख ८६ हजार होतात. सुमारे १ लाख १७ हजार वाचले. घरच्यांना एवढं जमत नसेल तर अर्धं व्याज भरा. तेवढाही फरक पडतो.

किती काढावं? त्या अभ्यासक्रमातून बाहेर पडलेल्या मुलांना सुरुवातीला खरोखर किती पगार मिळतो ते शोधा. जाहिरातीतला सर्वांत मोठा आकडा घेऊ नका, पगारांच्या यादीत मधोमध येणाऱ्या मुलाचा पगार विचारा. हातात येणाऱ्या पगाराचा तिसरा हिस्सा हप्त्यात जात असेल, तर घरभाडं आणि जेवणखाण भागवून तो भरणं कठीण होतं. सहीपूर्वी बँकेला विचारायचं ते असं: दर स्थिर आहे की बदलता, मुदतीआधी फेडलं तर दंड लागतो का, नोकरी मिळायला उशीर झाला तर काय, आणि सहकर्जदार म्हणून सही करणाऱ्यावर नेमकी कोणती जबाबदारी येते. शेवटचा प्रश्न सही करणाऱ्या माणसाच्या समोर विचारा. आई, वडील किंवा मामा प्रेमापोटी सही करतात, आणि हप्ते थकले की बँक त्यांच्या दाराशी जाते हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

परदेशी चलनात फी भरायची असेल तर आणखी एक जोखीम असते. कर्ज आपल्या चलनात मंजूर होतं, फी डॉलरमध्ये किंवा युरोत जाते. दोन वर्षांत विनिमय दर १० टक्के हलला तरी शेवटच्या सत्राला पैसे कमी पडतात. एकूण अंदाजावर तेवढी रक्कम हाताशी राहू द्या.

शिष्यवृत्ती फक्त पहिल्या नंबराच्या मुलांनाच मिळते ना?

नाही. गुणांवर मिळणाऱ्या असतात, तशा घरच्या उत्पन्नावर, विषयावर, खेळावर, कामाच्या अनुभवावर मिळणाऱ्याही असतात. ब्रिटनची चिवनिंग शिष्यवृत्ती १९८३ पासून दिली जाते. तिच्यासाठी किमान २,८०० तासांचा, म्हणजे साधारण दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. नेतृत्वाचे गुण त्यांना महत्त्वाचे वाटतात, आणि शिक्षण संपल्यावर किमान दोन वर्षांसाठी मायदेशी परतण्याची अट असते. अमेरिकेची फुलब्राइट १९४६ पासूनची, कॉमनवेल्थ शिष्यवृत्ती १९५९ मध्ये सुरू झालेली. शिष्यवृत्त्या देणारी जर्मनीची डाड ही संस्था तर १९२५ सालची. युरोपात इरास्मस मुंडुसच्या संयुक्त पदव्युत्तर अभ्यासक्रमांत एकाच पदवीसाठी दोन-तीन देशांत शिकता येतं.

यांतल्या बऱ्याच शिष्यवृत्त्यांचे अर्ज अभ्यासक्रम सुरू होण्याच्या जवळजवळ वर्षभर आधी बंद होतात. मुलं प्रवेश मिळाल्यावर शिष्यवृत्ती शोधायला लागतात, तेव्हा दारं बंद झालेली असतात. आधी शिष्यवृत्तीच्या तारखा काढा, मग विद्यापीठांच्या.

लहान रकमेच्या शिष्यवृत्त्या सोडू नका. त्यांना अर्ज कमी येतात. आणि शिष्यवृत्ती देण्यासाठी कुणी ‘प्रोसेसिंग फी’ मागितली तर तिथून परत फिरा.

प्रवेश रद्द केला तर पैसे परत मिळतात का?

परताव्याच्या नियमात तारखा असतात, आणि त्याच महत्त्वाच्या. अमुक तारखेपर्यंत पूर्ण परतावा, तमुकनंतर अर्धा, वर्ग सुरू झाल्यावर काहीच नाही, असा साधारण आराखडा असतो. मी शिकत असताना वसतिगृह सोडल्याचं फक्त तोंडी सांगितलं होतं. लेखी सूचना एक महिना आधी द्यायची असते, हे पावतीच्या मागच्या बाजूला छापलं होतं. संपूर्ण डिपॉझिट गेलं. त्या काळी घरातून पुन्हा तेवढे पैसे मागताना जी घालमेल झाली, ती आजही आठवते. पावतीची मागची बाजू वाचा.

घरची ओढाताण दिसते. आईवडिलांशी खर्चाबद्दल कसं बोलू?

आकडे कागदावर लिहून त्यांच्याजवळ बसा. मुलं गप्प राहतात, कारण आईवडिलांना त्रास नको. आईवडील गप्प राहतात, कारण मुलाचं लक्ष अभ्यासातून उडायला नको. दोन्हीकडून माया असते आणि तरीही कुणालाच खरा आकडा माहीत नसतो. मी अशी घरं पाहिली आहेत जिथे मुलाने दोन वर्षं एक वेळचं जेवण सोडलं, आणि घरी त्याला आणखी थोडे पैसे पाठवणं सहज शक्य होतं. विचारलं असतं तर मिळाले असते.

परदेशात शिकण्याचे प्रश्न

जर्मनीत शिक्षण फुकट असतं हे खरं आहे का?

बरंचसं खरं. बहुतेक राज्यांतल्या सरकारी विद्यापीठांत पदवीला आणि त्याच विषयातल्या पुढच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला शिकवण्याची फी नसते, फक्त दर सत्राचं शुल्क असतं. पण बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून दर सत्राला १,५०० युरो भरावे लागतात, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४ च्या हिवाळी सत्रापासून अशा नव्या विद्यार्थ्यांना फी लावली. खासगी विद्यापीठं फी घेतातच.

फी नसली तरी राहण्याचा खर्च सुटत नाही. व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाची तजवीज दाखवावी लागते. ती सहसा ‘ब्लॉक्ड अकाउंट’ नावाच्या खात्यात पैसे ठेवून दाखवतात. २०२४ च्या सप्टेंबरपासून ही रक्कम ११,९०४ युरो आहे. तिथे पोचल्यावर महिन्याला ९९२ युरोच काढता येतात.

जुन्या माहितीवर भरवसा ठेवू नका. डेन्मार्कने २००६ मध्ये, स्वीडनने २०११ मध्ये, फिनलंडने २०१७ मध्ये आणि नॉर्वेने २०२३ मध्ये युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना फी लावली. कुणाचा दादा फुकट शिकून आला असेल, तर तो कोणत्या वर्षी गेला होता हे आधी विचारा.

बँकेत पैसे दाखवायचे असतात. उसने आणून दाखवले तर चालतं का?

नका करू. पैसे किती आहेत याइतकंच ते किती दिवसांपासून आहेत आणि कुठून आले, हेही पाहिलं जातं. ब्रिटनच्या व्हिसासाठी रक्कम सलग २८ दिवस खात्यात असावी लागते. मधे एक दिवस जरी शिल्लक खाली गेली तरी अर्ज नाकारला जाऊ शकतो. कॅनडाने २०२४ च्या सुरुवातीला फीव्यतिरिक्त दाखवायची रक्कम १०,००० कॅनेडियन डॉलरवरून २०,६३५ वर नेली आणि नंतरही ती वाढवली. खोटी कागदपत्रं सापडली तर कॅनडात ५ वर्षं आणि ब्रिटनमध्ये १० वर्षं प्रवेशबंदी होऊ शकते. एजंटने तयार केलेल्या कागदांनाही हेच लागू, कारण अर्जावर सही तुमची असते.

शिवाय उसने पैसे परत गेल्यावर तिथे खायचं काय, हा प्रश्न उरतोच. ती रक्कम तुम्हाला अडवण्यासाठी ठरवलेली नाही. तिथे पहिलं वर्ष काढायला खरोखर तेवढे पैसे लागतात.

तिथे काम करून फी निघेल ना?

जेवणाचा, फोनचा, थोडाफार भाड्याचा खर्च निघेल. फी निघेल असं धरून जाऊ नका. कामाच्या तासांवर कायद्याची मर्यादा असते. ब्रिटनमध्ये पदवीच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तास. ऑस्ट्रेलियात जुलै २०२३ पासून पंधरवड्याला ४८ तास. कॅनडात नोव्हेंबर २०२४ पासून कॉलेजबाहेर आठवड्याला २४ तास. जर्मनीत मार्च २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस. अमेरिकेत पहिल्या शैक्षणिक वर्षात फक्त विद्यापीठाच्या आवारात, सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत.

मर्यादा ओलांडून रोखीत काम करणारी मुलं मला माहीत आहेत. मालकाने पगार बुडवला तर ती तक्रारही करू शकत नाहीत, कारण तक्रार केली की स्वतःचाच व्हिसा धोक्यात येतो. अशा कामाला हो म्हणू नका. पहिल्या सहा महिन्यांत कामच मिळालं नाही तरी तग धरता येईल इतके पैसे घेऊन जा.

एजंट सगळं मोफत करून देतो म्हणतो. विश्वास ठेवू का?

अनेक विद्यापीठं विद्यार्थी पाठवल्याबद्दल एजंटला पहिल्या वर्षाच्या फीतून कमिशन देतात. हा व्यवहार बेकायदेशीर नाही आणि प्रामाणिक एजंटही असतात. पण जे विद्यापीठ कमिशन देत नाही, त्याचं नाव तो स्वतःहून काढेल अशी अपेक्षा ठेवू नका. त्याला सरळ विचारा: ‘या विद्यापीठाकडून तुम्हाला किती मिळतं?’ चांगला माणूस उत्तर देतो.

अर्जासाठी वापरलेला ईमेल आणि त्याचा पासवर्ड तुमच्याकडेच असू द्या. फी एजंटच्या खात्यात भरू नका, विद्यापीठाच्या खात्यात भरा. ‘व्हिसाची हमी’ देणाऱ्यापासून लांब राहा. व्हिसाचा निर्णय सरकार घेतं. त्याची हमी कुणालाच देता येत नाही.

विद्यापीठ खरं आहे की नाही, कसं ओळखायचं?

सुंदर संकेतस्थळावरून काही कळत नाही. परदेशी विद्यार्थी घेण्याची परवानगी असलेल्या संस्थांच्या याद्या सरकारं स्वतः प्रसिद्ध करतात. ब्रिटनमध्ये परवानाधारक विद्यार्थी-प्रायोजकांची नोंदवही, कॅनडात डीएलआय यादी, ऑस्ट्रेलियात क्रायकॉस, अमेरिकेत एसईव्हीपीची शोधयादी. जर्मनीत कुठल्या देशातली संस्था आणि पदवी मान्य आहे हे ‘अनाबिन’ या माहितीसाठ्यात दिसतं. ऑस्ट्रेलियाच्या नोंदणीत अभ्यासक्रमाचाही वेगळा क्रमांक असतो, तोही तपासा. दहा मिनिटांचं काम आहे.

तीन वर्षांची पदवी पदव्युत्तर प्रवेशाला चालते का?

देशावर अवलंबून आहे. युरोपात १९९९ च्या बोलोन्या करारानंतर तीन वर्षांची पदवी रुळली. तिथे एका वर्षाच्या अभ्यासाला ६० श्रेयांक (क्रेडिट) धरतात, म्हणजे तीन वर्षांचे १८०. तरीही तुमच्या देशातल्या पदवीला ते किती श्रेयांक देतील, हे प्रत्येक विद्यापीठ स्वतः पाहतं. अमेरिकेत काही विद्यापीठं तीन वर्षांची पदवी घेतात, काही चौथं वर्ष मागतात. अर्जाची फी भरण्याआधी प्रवेश विभागाला ईमेल टाका. डॉक्टर, वकील, शिक्षक किंवा वास्तुविशारद होणाऱ्यांनी दुसऱ्या बाजूनेही चौकशी करावी: तिथली पदवी घेऊन परत आल्यावर इथे व्यवसायाचा परवाना मिळतो का, आणि त्यासाठी वेगळी परीक्षा आहे का.

इंग्रजीची परीक्षा कधी द्यावी?

आयईएलटीएस आणि टोफेल या इंग्रजीच्या परीक्षांचे गुण २ वर्षं चालतात, पदव्युत्तर प्रवेशासाठी लागणाऱ्या जीआरई परीक्षेचे ५ वर्षं. फार आधी दिली तर गुण शिळे होतात. अर्जाच्या शेवटच्या तारखेआधी तीन-चार महिने हा काळ बरा, म्हणजे एकदा कमी गुण पडले तरी पुन्हा बसायला वेळ उरतो.

व्हिसा नाकारला. आता सगळं संपलं का?

नाही. आधी नकाराचं पत्र शांतपणे वाचा. अमेरिकेत बहुतेक विद्यार्थ्यांना कलम २१४ ब खाली नकार मिळतो. शिक्षण झाल्यावर तुम्ही परत जाल याची अधिकाऱ्याला खात्री पटली नाही, असा त्याचा अर्थ. त्यावर अपील नाही, पण पुन्हा अर्ज करता येतो. ब्रिटनबाहेरून अर्ज केला असेल आणि निर्णयात चूक झाली असं वाटत असेल, तर २८ दिवसांत फेरतपासणी मागता येते.

पुन्हा अर्ज करताना आधीचा नकार लपवू नका. तो नोंदीत असतो. लपवला तर साध्या नकाराचं रूपांतर फसवणुकीत होतं. विद्यापीठाला लगेच कळवा. बरीच विद्यापीठं जागा पुढच्या सत्रासाठी राखून ठेवतात आणि व्हिसा नाकारल्याचं पत्र दाखवल्यावर फी परत करतात.

तिथे गेल्यावर एकटं पडलो तर?

हा प्रश्न मुलं सगळ्यात शेवटी, उठून जाताजाता विचारतात. पहिले काही महिने जवळजवळ सगळ्यांना जड जातात. भाषा येत असूनही विनोद कळत नाहीत, घरी फोन केला की आणखी भरून येतं. बहुतेक विद्यापीठांत समुपदेशन केंद्र असतं, त्याचे पैसे सहसा फीतच आलेले असतात, आणि तुम्ही तिथे गेलात हे व्हिसा अधिकाऱ्याला किंवा प्राध्यापकाला सांगितलं जात नाही. पोचल्याच्या पहिल्या आठवड्यात, काही त्रास नसतानाच, ते केंद्र कुठे आहे ते पाहून या. त्रास सुरू झाल्यावर पत्ता शोधायचीही ताकद राहत नाही.

नियमांचे प्रश्न

हजेरी कमी भरली. परीक्षेला बसता येईल का?

आजारपण असेल तर डॉक्टरांचं प्रमाणपत्र त्याच आठवड्यात द्या. सत्र संपताना एकदम सहा प्रमाणपत्रं आणली की खरी असूनही ती खोटी वाटतात. हजेरीची नोंद महिन्याला स्वतः तपासा. चुकून गैरहजर लागलेले दिवस तेव्हाच दुरुस्त होतात. परदेशात शिकत असाल तर हजेरी थेट व्हिसाशी जोडलेली असते. ब्रिटनमध्ये विद्यार्थी वर्गात येत नसेल तर विद्यापीठाला ते सरकारला कळवावं लागतं. अमेरिकेत विचारल्याशिवाय विषय कमी केले आणि पूर्णवेळेच्या मर्यादेखाली गेलात, तर विद्यार्थी म्हणून असलेला दर्जाच जातो.

शाळेने मोबाईल काढून घेतला. त्यांना तसा अधिकार आहे का?

वर्गात फोन वापरू न देण्याचा अधिकार बहुतेक ठिकाणी आहे. फ्रान्सने २०१८ मध्ये प्राथमिक आणि माध्यमिक शाळांसाठी तसा कायदाच केला. फोन काढून घेणं एक आणि त्यातले संदेश, फोटो उघडून पाहणं दुसरं. दुसऱ्या गोष्टीसाठी तुमची किंवा पालकांची संमती मागायला हवी, असं मला ठामपणे वाटतं. फोन कधी आणि कुणाच्या हाती परत मिळेल हे विचारा. उद्धटपणा न करता विचारलेल्या या प्रश्नाला उत्तर मिळायलाच हवं.

संगणकाने माझा निबंध ‘कॉपी’ ठरवला. मी तो स्वतः लिहिला आहे. काय करू?

आधी आरोप नेमका कशाचा आहे ते समजून घ्या. टर्निटिनसारखी प्रणाली दाखवते तो साम्याचा टक्का. त्यात अवतरणं, संदर्भसूची, प्रश्नपत्रिकेतली वाक्यंही मोजली जातात. २५ टक्के साम्य म्हणजे २५ टक्के चोरी नव्हे. अहवाल मागा आणि कुठली वाक्यं रंगवली आहेत ती एकेक पाहा.

एआयने लिहिल्याचा आरोप आणखी नाजूक आहे. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचं असं ओळखयंत्र अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये बंद केलं. म्हणून नुसता टक्का हा पुरावा मानू नका, आणि तसं लेखी म्हणा. तुमच्या बाजूने कच्चे मसुदे, फाइलचा बदलांचा इतिहास, वाचनाच्या नोंदी दाखवा. विषयावर समोरासमोर बोलायची तयारी आहे असं कळवा. ज्याने स्वतः लिहिलं आहे त्याला आपल्या निबंधाबद्दल दहा मिनिटं बोलता येतं.

आणि खरोखर उचललं असेल तर पहिल्याच भेटीत कबूल करा. पहिल्या चुकीला बहुतेक ठिकाणी गुण कापले जातात किंवा पुन्हा लिहायला लावतात. खोटं बोलण्याची शिक्षा त्याहून मोठी असते.

शिस्तभंगाची नोटीस आली आहे. एकट्याने जायचं का?

नोटिशीत कुठला नियम मोडला, कधी, कुठे, हे लिहिलेलं आहे का पाहा. नसेल तर ते लेखी मागा आणि उत्तरासाठी मुदत मागा. पालक, शिक्षक किंवा विद्यार्थी प्रतिनिधी यांना सोबत आणता येईल का, हेही विचारा. रागाच्या भरात कुठलंही माफीपत्र लिहून देऊ नका. आधी मसुदा घरी न्या, एक रात्र जाऊ द्या. ‘पुन्हा असं होणार नाही’ या वाक्यात ‘असं’ म्हणजे नेमकं काय, हे त्या कागदावर कायमचं नोंदलं जातं.

संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार १९८९ चा आहे. त्याचं कलम २८ सांगतं की शाळेतली शिस्त मुलाच्या मानवी प्रतिष्ठेला धरून असावी, आणि कलम १२ सांगतं की मुलाला त्याच्याशी संबंधित बाबींत मत मांडता यावं. अमेरिका सोडली तर जगातल्या जवळजवळ सगळ्या देशांनी तो मान्य केला आहे. मारणं, वर्गासमोर अपमान करणं ही शिस्त नव्हे. असं घडलं असेल तर तारीख, वेळ, कोण हजर होतं हे त्याच दिवशी लिहून ठेवा आणि भरवशाच्या मोठ्या माणसाला सांगा.

एखादा नियमच चुकीचा वाटतो. मोडला तर?

मोडण्याआधी बदलून घेण्याचा प्रयत्न करा. तो कुणी केला, कधी केला, कशासाठी, हे विचारा. कित्येक नियम जुन्या एखाद्या प्रसंगामुळे आलेले असतात आणि कारण संपलं तरी तसेच राहतात. पाच-दहा जणांनी सह्या करून, नेमका पर्याय सुचवून दिलेला अर्ज मी मंजूर होताना पाहिला आहे. ग्रंथालयाची वेळ, वसतिगृहात परतायची वेळ, गणवेशातला अडचणीचा भाग असे नियम बदलतात.

मूळ गुणपत्रकं कॉलेजने ठेवून घेतली आहेत आणि फी भरल्याशिवाय देत नाहीत.

प्रवेशाच्या वेळी मूळ कागद फक्त पडताळणीसाठी दाखवायचे आणि त्याच दिवशी परत घ्यायचे, साक्षांकित प्रत द्यायची. आता अडकलेच असतील तर कुठले कागद, कुठल्या तारखेला दिले, याची यादी करून लेखी मागणी करा आणि पोच घ्या. थकलेल्या फीचा वाद आणि कागदांची मागणी एकाच अर्जात मिसळू नका. दोन वेगळे अर्ज करा. उत्तर आलं नाही तर पंधरा दिवसांनी विद्यापीठाकडे किंवा नियामक संस्थेकडे तीच पोच जोडून तक्रार करा. मधल्या काळात पुढच्या प्रवेशाची तारीख आली, तर तिथल्या प्रवेश विभागाला परिस्थिती कळवून तात्पुरता प्रवेश मागा. सोबत मागणी अर्जाची पोच आणि गुणपत्रकांच्या प्रती जोडा.